साडेपाचशे डॉलरचं हिल्टन ॲस्पायर कार्ड : दुसऱ्या वर्षी ठेवावं का?

मीरा_जर्सी

नमस्कार मंडळी, क्रेडिट कार्डांवर एक जुना धागा सापडला पण तो सगळा विमानाच्या माइल्सचा आहे म्हणून नवीन काढतेय.

तर झालंय असं की मागच्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मित्राने डोकं खाल्लं आणि आम्ही अमेरिकन एक्सप्रेसचं (ॲमेक्सचं) हिल्टन ऑनर्स ॲस्पायर हे हिल्टन हॉटेलांचं कार्ड घेतलं. फी वर्षाला ५५०, पहिलं वर्ष माफ वगैरे काही नाही, पहिल्याच स्टेटमेंटला आली. ६ महिन्यांत ६००० खर्च केल्यावर १,७५,००० पॉइंट मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते एकदाच. आता दुसऱ्या वर्षाची फी लागलीये आणि घरात रोज रात्री जेवताना हाच विषय. नवरा म्हणतो, "अगं ५५० देऊन ८०० परत मिळतात, यात विचारायचं काय?" मी म्हणते मग ते ८०० दाखव ना मला.

म्हणून शनिवारी वही घेऊन बसले. हिल्टनच्या रिसॉर्टसाठी वर्षाला ४०० परत मिळतात पण ते २००-२०० असे सहामाही. पहिले २०० ओरलँडोला वापरले, दुसरे गेले, लक्षातच राहिलं नाही. विमानाचे वर्षाला २००, तेही तिमाहीला ५०-५०, त्यातले एकदाच ५० वापरले. विमानतळावरची रांग लवकर पार करायच्या क्लिअर नावाच्या सेवेचे साधारण दोनशे आहेत, पण आम्ही सगळ्यांचं प्रीचेक (सुरक्षा तपासणीची सरकारी जलद रांग) आधीच केलेलं, त्यामुळे ते काढलंच नाही. फुकट रात्रीचं सर्टिफिकेट अजून तसंच पडलंय आणि ७ आठवड्यांत संपतंय. कार्डाबरोबर हिल्टनचं डायमंड स्टेटस म्हणजे खास ग्राहकाचा दर्जा मिळतो, तो ओरलँडोला वापरला आणि एकदा नायगाराला जाताना हॅम्प्टन इनला (हिल्टनचंच साधं हॉटेल), तिथे तर नाश्ता सगळ्यांनाच फुकट असतो, मुलांनी चार-चार वॉफल खाल्ले त्यात डायमंडचं काही कर्तृत्व नाही.

म्हणजे हातात पडले २५०, दिले ५५०. आम्ही चौघं, मुलं ९ आणि ५, राहायला न्यू जर्सीत एडिसनला. ठेवू का बंद करू? नवराही हे वाचणार आहे, तेव्हा जरा सभ्य भाषेत लिहा.

हिशोबी_नाना

मीराताई, तुमची वही बरोबर आहे आणि तुमच्या मिस्टरांचंही चूक नाही, दोघं वेगवेगळी किंमत मोजताय. बँक छापते ती दर्शनी किंमत. आपण मोजायची ती घरची. माझी पद्धत साधी आहे, प्रत्येक कूपनापुढे लिहायचं की हे कूपन नसतं तर या गोष्टीला मी खिशातले किती दिले असते. क्लिअरला तुम्ही किती दिले असते? शून्य. मग ते शून्य धरा, दोनशे नाही.

पॉइंटपुराण

नानांचं नेहमीचं सुरू झालं :)

मीराताई, कार्डाचा खरा जीव त्या फुकट रात्रीत आहे आणि तीच तुम्ही वापरली नाही. बाकीच्या बहुतेक हॉटेल कार्डांच्या फुकट रात्रीला पॉइंटची मर्यादा असते, ॲस्पायरच्या रात्रीला नाही. स्टँडर्ड रूम पॉइंटवर उपलब्ध असली की झालं, मग ती रूम दीडशेची असो की दीड हजाराची. पूर्वी फक्त वीकेंडला चालायची, आता कुठल्याही वारी चालते. आम्ही २०२३ मध्ये माझी एक आणि बायकोच्या कार्डाची एक अशा दोन रात्री कॉनराड मालदीव रंगालीला (कॉनराड हिल्टनचंच) काढल्या, भारतातून परत येताना मुंबईहून मालेला गेलो. तेव्हा फोन करून बुकिंग करावं लागायचं, तासभर होल्डवर होतो, पण ज्या खोलीत राहिलो तिचा रेट बघून बायको म्हणाली बिल आलं तर आपण पोहत पळून जाऊ. त्या हॉटेलात समुद्राच्या पोटात काचेचं रेस्टॉरंट आहे, इथा नावाचं, २००५ पासूनचं. आत जेवलो नाही, फक्त बघून आलो.

हिशोबी_नाना

आणि त्या बेटावर जायच्या सी-प्लेनचे किती दिले?

पॉइंटपुराण

नाना, तुम्ही ना… माणशी सहाशेच्या वर. दोघांचे मिळून काय ते तुम्हीच करा.

हिशोबी_नाना

केलं. म्हणूनच विचारलं.

स्वाती_डॅलस

मी माझी फजिती सांगते म्हणजे मीराला बरं वाटेल. जूनची ३० तारीख, दुपारी जेवताना आठवलं की पहिल्या सहामाहीचे २०० आज रात्री १२ ला जाणार. मग काय, नवऱ्याला फोन, मुलांना समर कॅम्पमधून लवकर उचललं, साडेचार तास गाडी हाकत एका रिसॉर्टला पोचलो. रूम २८९. त्यावर टॅक्स. त्यावर रिसॉर्ट फी ४२, ती कशाची विचारलं तर म्हणे वायफाय, पाणी आणि तलावाभोवतीच्या खुर्च्यांची. पार्किंग ३५. मुलं पाण्यातून बाहेर आली ती उपाशी, मग तलावाकाठी फ्राइज, दोन बर्गर, लेमोनेड, त्याचे ९४ आणि वर टिप. सकाळी डायमंड म्हणून नाश्ता मिळेल म्हटलं तर डेस्कवरची मुलगी म्हणाली नाश्ता नाही, माणशी ठराविक डॉलरचं खाण्याचं क्रेडिट आहे, आणि ते दोघांनाच. बुफे माणशी ३२.

एकूण बिल ५६० च्या आसपास. त्यातले २०० परत आले. नवरा आठवडाभर ज्याला त्याला सांगत होता, आमच्या हिने २०० डॉलर वाचवले. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

निवांत

नाश्त्याचं जरा स्पष्ट करतो कारण बरेच जण इथे फसतात. अमेरिकेत हिल्टनने २०२१ मध्ये गोल्ड आणि डायमंडचा नाश्ता बंद करून बहुतेक ब्रँडना डॉलरमधलं क्रेडिट केलं, खोलीत नोंद असलेल्या दोघांपर्यंत. अमेरिकेबाहेर अजून नाश्ता मिळतो. म्हणजे डायमंडची खरी मजा भारतात, थायलंडमध्ये, युरोपात. आणि रिसॉर्ट फीचं, तुम्ही पूर्ण पॉइंटवर किंवा फुकट रात्रीवर राहिलात तर हिल्टन ती फी लावत नाही. पैसे भरून राहिलात की लावतं. स्वाती, तू पैसे भरून राहिलीस म्हणून ४२ गेले.

मॅरियटचं ब्रिलियंट कार्ड आहे तिथे उलट आहे, पॉइंटवर राहिलं तरी रिसॉर्ट फी असतेच. त्याची फी ६५०, जेवणाचे महिन्याला २५-२५ करून ३०० परत, आणि फुकट रात्र ८५,००० पॉइंटपर्यंतची. ते २५ मात्र मला सोपे वाटतात, महिन्यातून एकदा बाहेर जेवतोच आपण.

कोथरूडकर

धाग्याच्या मध्येच घुसतोय. तुमच्या तिकडच्या फिया वाचून घाम फुटला, ५५० डॉलर म्हणजे इथे एखाद्याच्या घराचा हप्ता. इकडे एचडीएफसीचं मॅरियट बॉन्व्हॉय कार्ड आहे, २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलं, फी ३००० अधिक जीएसटी म्हणजे ३५४०. १५,००० पॉइंटपर्यंतची एक रात्र मिळते, सिल्व्हर स्टेटस मिळतं, लाउंज आहेत. मी ती रात्र हणजूणच्या फेअरफील्डला मे महिन्यात काढली, मे महिन्यात कारण तेव्हा गोव्यात आपल्याशिवाय कोणी जात नाही. एका रात्रीत फी वसूल, विषय संपला. व्हिसा-मास्टरकार्ड नाही, डायनर्स क्लबचं कार्ड आहे त्यामुळे हॉटेलाबाहेर काही छोट्या दुकानांत चालत नाही एवढंच.

मुद्दा असा की ३५४० ला डोक्यात वही ठेवावी लागत नाही. तुमचं ते तिमाही सहामाही ऐकून मला पोस्टातली आरडी आठवली.

आणि मीराताई, पुण्यात येताच ना, कॉनराड आहे की मंगलदास रोडला! डायमंडला नाश्ता, वर लाउंज. तिथे वापरा ती रात्र.

पॉइंटपुराण

नको!! कॉनराड पुणे छानच आहे, पण तिथे पॉइंट कमी लागतात, मर्यादा नसलेलं सर्टिफिकेट तिथे घालवणं म्हणजे हापूसचा मिल्कशेक. तिथे पॉइंटच वापरा. स्टेटस असेल तर सलग ५ रात्री पॉइंटवर घेतल्या की पाचवीचे पॉइंट लागत नाहीत. आणि ते शहरातलं हॉटेल, रिसॉर्टच्या यादीत नाही, तिथे जेवून ते २०० परत येतील असं कोणी समजू नका. यादी हिल्टनच्या साइटवर आहे, जायच्या आधी बघायची.

मीरा_जर्सी

कोथरूडकर दादा, तुम्ही नेमक्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

भारतात हॉटेलात राहणार कोण? माझं सासर सांगली. सांगलीत हिल्टन नाही आणि असतं तरी मी तिथे उतरू शकले असते असं तुम्हाला वाटतं? दोन वर्षांपूर्वी विमान पहाटे मुंबईला उतरणार होतं, मुलं दमतील म्हणून एअरपोर्टजवळ एक रात्र हॉटेल घेऊ म्हटलं तर सासऱ्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "का, ठाण्याच्या काकूंकडे काय पाणी येत नाही का?" झालं. पहाटे चारला काकू पोह्यांना फोडणी देत होत्या, चुलत दीर हॉलमध्ये गादी घालून झोपला होता आणि त्याला उठवून त्याच्या गादीवर आम्हाला झोपवलं. पुण्यात आईकडे तर विषयच काढू नका. कॉनराडच्या लाउंजमध्ये बसून मी काय आईला लोकेशन पाठवू?

आणि नानांनी सांगितलं तसं मी लिहायला बसले तेव्हा एक वेगळंच दिसलं. नवऱ्याला वर्षाला १५ दिवस सुट्टी. त्यातले ज्या वर्षी भारत त्या वर्षी १२ तिकडे. उरले ३. त्यातला एक मुलांच्या तापाला, एक ग्रीन कार्डाच्या कुठल्यातरी कागदाला. हे कार्ड ज्यांच्यासाठी बनवलंय ते लोक वर्षातून दोनदा रिसॉर्टला जातात, चारदा विमानाचं तिकीट काढतात. आम्ही वर्षातून एकदाच चार तिकिटं काढतो आणि गादीवर झोपतो.

हिशोबी_नाना

वा! हे आधी सांगितलं असतंत तर मी काहीच लिहिलं नसतं. पैसे नाही, सुट्ट्या मोजा.

पण तिकिटांवरून आठवलं. ती चार तिकिटं कुठून काढता? विमान कंपनीकडून थेट की तुमच्या एडिसनच्या ओकट्री रोडवरच्या एजंटकडून?

मीरा_जर्सी

एजंटकडून :( नवऱ्याचा कोणीतरी गुजराती भाऊ आहे तिथे, माणशी ४०-५० कमी करतो आणि साधं कार्डही घेतो.

हिशोबी_नाना

मग त्या तिकिटांवर विमानाचे ५० कसे मिळणार, ते विमान कंपनीकडे थेट किंवा ॲमेक्सच्याच ट्रॅव्हल साइटवर काढलेल्या तिकिटाला मिळतात. आणि पॉइंटही बघा. थेट काढलंत तर डॉलरला ७ पॉइंट. माणशी १५०० धरले तर चौघांचे ६०००, म्हणजे ४२,००० पॉइंट. हिल्टन स्वतःचे पॉइंट सेलमध्ये अर्ध्या सेंटला विकतं, तेव्हा त्याहून जास्त किंमत धरू नका, झाले २१०. साध्या २ टक्के कॅशबॅकच्या कार्डावर १२० मिळाले असते. फरक ९०. एजंट चौघांचे मिळून १६० ते २०० कमी करतो. म्हणजे तुमचा गुजराती भाऊ ॲमेक्सला हरवतोय.

पॉइंटपुराण

नाना, दोन तिकिटं ३१ मार्चला आणि दोन १ एप्रिलला काढली तर ५० अधिक ५० मिळतात, दोन तिमाह्या लागतात. ते विसरलात.

हिशोबी_नाना

आणि १ एप्रिलला भाडं वाढलं तर? अर्धं घर जाणार आणि अर्धं एडिसनला राहणार का?

स्वाती_डॅलस

हसून हसून मेले. आमच्याकडे अर्धं घर राहायला आनंदाने तयार होईल.

निवांत

मीराताई, व्यवहाराचं सांगतो कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. फी ज्या स्टेटमेंटवर आली त्याच्या क्लोजिंग तारखेपासून ३० दिवसांत बंद केलं तर पूर्ण फी परत येते. बंदच करायला हवं असं नाही, ॲमेक्सला चॅटवर सांगून खालच्या कार्डावर जाता येतं. सरपास आहे, १५० फी, गोल्ड स्टेटस, त्यात हिल्टनवर खर्च केला तर तिमाहीला ५० परत, ते साध्या हॅम्प्टनलाही चालतात, रिसॉर्टच पाहिजे असं नाही. त्याच्या खाली बिनफीचं आहे. खातं जुनं राहतं, क्रेडिट हिस्ट्रीला धक्का नाही. ॲस्पायरचा वेलकम बोनस ज्याला एकदा मिळाला त्याला ॲमेक्स तोच बोनस सहसा पुन्हा देत नाही, तेव्हा बंद करून पुन्हा घेऊ ही आशा ठेवू नका.

आणि महत्त्वाचं, आत्ता जे सर्टिफिकेट आहे ते हिल्टनच्या खात्यात असतं, ॲमेक्सच्या नाही. मी खालच्या कार्डावर गेलो तेव्हा माझं राहिलं होतं. फक्त दुसऱ्या वर्षीचं नवीन मिळणार नाही.

मीरा_जर्सी

म्हणजे सरळ प्रश्न एवढाच उरतो ना, की ५५० देऊन पुढच्या वर्षीची एक रात्र विकत घ्यायची का.

हिशोबी_नाना

अधिक ओरलँडोचे २००, जर पुन्हा जाणार असाल तर. म्हणजे रात्र ३५० ला पडली. ३५० ला तुम्ही एरवी एक रात्र कुठे राहिला असता का?

मीरा_जर्सी

नाना, १५० ची रूम घेताना माझा हात थरथरतो.

कोथरूडकर

मग झालं की. पण हातातली रात्र सोडू नका. फुकट ते पौष्टिक.

पॉइंटपुराण

मीराताई, आता भांडण सोडून ऐका. तुम्ही एडिसनला. न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ अस्टोरिया (तेही हिल्टनचंच) २०१७ ला बंद झालं होतं ते २०२५ मध्ये पुन्हा उघडलंय, पार्क ॲव्हेन्यूवर. ही तीच १९३१ ची इमारत. त्याच्याही आधीचं जुनं वॉल्डॉर्फ जिथे होतं तिथे आता एम्पायर स्टेट आहे. सफरचंद-सेलरीचं वॉल्डॉर्फ सॅलड त्या जुन्या वॉल्डॉर्फचं. तुम्हाला विमान नको, सुट्टी नको, सी-प्लेन नको (नाना वाचताय ना). मेट्रोपार्कहून ट्रेन, पेन स्टेशनला उतरा. रोज सकाळी चहा पिताना कॅलेंडर उघडून बघत राहा, स्टँडर्ड रूम पॉइंटला दिसली की लगेच उचला, बहुतेक मधल्या वारालाच दिसेल. गाडी नेऊ नका, मॅनहॅटनमध्ये रात्रीचं पार्किंग म्हणजे तुमच्या फीचा दहावा हिस्सा.

मीरा_जर्सी

हे सुचलंच नव्हतं!! बघते.

स्वाती_डॅलस

फोटो टाक.

मीरा_जर्सी

(सहा आठवड्यांनी)

अपडेट देते नाहीतर तुम्ही सगळे शिव्या घालाल. अकरा दिवस रोज कॅलेंडर बघितलं, बाराव्या दिवशी मंगळवारची एक रूम दिसली. मुलांची शाळेची सुट्टी चालू होती, नवऱ्याने एक दिवस काढला, त्या उरलेल्या तिनातला.

कार्डाचं आधीच झालं होतं. चॅटवर गेले, त्यांनी दोनदा विचारलं की नक्की ना, मग बिनफीचं करून दिलं, ५५० परत आले. सरपास नको म्हटलं कारण परत तिमाहीचं डोक्याला लावून कोण घेणार. नवरा दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला की त्या मित्राने स्वतः पण बंद केलंय मागच्या महिन्यात, मला सांगितलं नव्हतं.

तर आम्ही चौघं मेट्रोपार्कहून ट्रेनने, पाठीवर सॅक, एका पिशवीत मेथीचे ठेपले आणि लिंबाचं लोणचं कारण जेवण बाहेर करायचं नाही हे घरूनच ठरवून निघालेलो. लॉबीत मोठ्ठं जुनं घड्याळ आहे, लोक त्याच्यापाशी उभं राहून फोटो काढतात, आम्हीही काढला, पिशवी मागे लपवून. खोली इतकी शांत की एसीचाही आवाज नाही. लेक सगळे ड्रॉवर उघडून बघत होती. बाथरूममधल्या दगडाला हात लावून नवरा म्हणाला असं आपल्या सांगलीच्या घरात करायचं होतं पण बाबांनी ग्रॅनाइट घातला. रात्री गादीवर टॉवेल पसरून त्यावर ठेपले खाल्ले, तेलाचा एक डाग पडला चादरीवर, तो मी हात धुवायच्या साबणाने घासून काढला.

सकाळी खाली नाश्त्याला गेलो, कार्ड बदललं तरी डायमंड अजून गेलं नव्हतं, त्याचं खाण्याचं क्रेडिट होतं ते लागलं, वरचे आम्ही भरले. पांढरे कपडे, चांदीची किटली, पाठीमागे कोणीतरी पियानो वाजवल्यासारखं. धाकट्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खुर्चीवरून उतरून एक चक्कर मारून आला आणि वेटरला मोठ्याने विचारलं, "व्हेअर इज द वॉफल मशीन?"